आमूची पिशवी चुकीच्या गाडीत

मी आमूची पिशवी बोलतेय. राणी रंगाची, जाड कापडाची, वर चेन, चेनीचा लटकन कधीच गेलेला, आणि पोटावर ठळक अक्षरांत ‘नवरंग वस्त्र भांडार, पालम’. हौस म्हणून तोंड उघडलेलं नाही. वैताग इतका साठलाय की न बोलले तर शिलाई उसवेल. मधूनमधून मी थोडं वाढवून सांगते, हे आधीच कबूल करते. दोन किलोच्या पिशवीत अडीच किलो बसवता ना तुम्ही? तसंच समजा.

माझा जन्म लग्नसराईतला. दुकानात बस्ता बांधला की दुकानदार पिशव्या फुकट देतो. सितारामनं आपल्या लेकीच्या, धम्मशीलाच्या, लग्नाचा बस्ता बांधला तेव्हा दुकानदार दोन पिशव्या द्यायला तयार होता आणि सिताराम पाच मागत होता. दोघांचेही घसे बसले तेव्हा चारवर तुटलं. त्यातली चौथी मी. पालम तालुक्यात जितकी लग्नं, तितक्या माझ्या बहिणी. बाजारात जा, दवाखान्यात जा, तहसीलला जा, माझंच तोंड समोरून येताना दिसेल. एक बहीण खारका आणायला दुबईला गेलीय म्हणतात. मी पाहिलं नाही, पण नाकारतही नाही.

सुरुवातीची वर्षं मी भाजी वाहिली. मग धम्मशीलाची प्रमाणपत्रं वाहिली. सात वर्षं ती मुलाखती देत फिरली आणि मी तिच्या मांडीवर बसून सगळ्या संस्थांची ऑफिसं पाहिली. शेवटी राणीसावरगावच्या एका खासगी हायस्कुलात विज्ञान शिकवायची कंत्राटी नोकरी लागली. तिच्या माहेरी आणि सासरी मिळून हायस्कुलात शिकवणारी ती पहिलीच. त्या दिवशी मी पेढे वाहिले. त्यानंतर आमू झाली, म्हणजे आम्रपाली, आणि मी कायमची तिची झाले. दुधाची बाटली, भरडीचा डबा, दोन झबली, चार लंगोट, दुपटं, खुळखुळा, लसीचं कार्ड. हा माझा संसार.

आमू चौदा महिन्यांची होईपर्यंत सगळं बरं चाललं होतं, कारण सुलाबाई होत्या. सुलाबाई म्हणजे सुगतची आई, बोरीच्या. आमूचे वडील सुगत विजेच्या लाईनवर काम करतात, तेही कंत्राटी. धम्मशीला सकाळी एसटीनं राणीसावरगावला, सुगत मोटारसायकलवर गावोगाव, आणि आमू आजीच्या मांडीवर. पण सुलाबाईंची धाकटी सून बाळंतपणाला टेकली. तिकडंही लेकरू, इकडंही लेकरू, आणि सुलाबाई एकच. त्यांनी पंधरा दिवस आधी सांगून टाकलं की मला बोरीला जावं लागतंय, तुमची सोय बघा.

सोय बघा! हे दोन शब्द ज्यानं बनवले त्याला मी एकदा काखेत लटकवून पालमभर फिरवणार आहे.

पहिल्यांदा आम्ही अंगणवाडीत गेलो. राजेश्रीताई सेविका, स्वभावानं गोड, पण पुढ्यात तीन रजिस्टरं आणि हातात एक मोबाईल, ज्यात फोटो चढत नव्हता. त्या म्हणाल्या, ताई, तीन वर्षांच्या आतल्याला आम्ही फक्त तोलतो आणि कोरडा खाऊ देतो, सांभाळत नाही. तीन वर्षांची झाली की आणा. धम्मशीलानं विचारलं, तोवर? राजेश्रीताईंनी आमूला काट्यावर ठेवलं, वजन सांगितलं आणि खाऊचं पाकीट माझ्या पोटात कोंबलं. बरं, तीन वर्षांच्या पोरांनाही दुपारी घरी सोडतात आणि शाळा सुटते पाचला. मधले तास लेकरानं बहुतेक हवेत लटकायचं.

मग ‘गोल्डन बेबी प्ले स्कूल’. बाहेर रंगवलेला हत्ती, आत मॅडमपुढं काचेचं टेबल. त्यांनी आमूची मुलाखत घेतली. काय काय येतं हिला, म्हणाल्या. आमूनं टेबलावरची पेन्सिल तोंडात घातली, म्हणजे जे येत होतं ते करून दाखवलं. वेळ अकरा ते एक. लंगोट चालणार नाही, बाथरूमला सांगता आलं पाहिजे. बूट, मोजे आणि टाय सक्तीचे. चौदा महिन्यांच्या बाळाला टाय! मान सापडली तर बांधणार ना? फीचा आकडा ऐकून माझ्या चेनीचे दोन दात तिथंच निखळले. धम्मशीलाच्या पगारातून ती वजा केली तर एसटीच्या अर्ध्या तिकिटापुरतंही उरत नव्हतं.

तिसरं दार मागच्या गल्लीतल्या मनिषाकाकूंचं. ही आशा खरी वाटली होती. मोठं घर, पोरं पुण्याला, दिवसभर काकू आणि टीव्ही. आमूला पाहताच त्यांनी उचलून घेतलं, गालाला हात लावला, आणा की म्हणाल्या, मलाही करमत नाही. चहा ठेवायला उठल्या. उठता उठता विचारलं, आडनाव काय म्हणालात? धम्मशीलानं सांगितलं. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात चहा नव्हता. सासूबाईंचं जरा कडक असतं, विचारून सांगते, म्हणाल्या. सासूबाईंचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर निरोप आला की महिनाभर घरी पाहुणे आहेत. मी आठवडाभर त्या गल्लीतून येजा केली. पाहुण्याची चप्पलसुद्धा दिसली नाही.

सल्ला मात्र सगळ्यांनी दिला. भाजीवालीनं दिला, घरमालकानं दिला, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानंही दिला. सगळ्यांचा एकच. दोन-तीन वर्षं घरी बसा मॅडम, नोकरी काय पुन्हा लागंल. सुगतला हा सल्ला एकानंही दिला नाही. मी मोजत होते.

सुलाबाई रविवारी बोरीला गेल्या. जाताना आमूला पोटाशी धरून इतक्या रडल्या की मी वाळत घालायच्या लायकीची झाले.

सोमवारी आणि मंगळवारी सुगतनं आमूला कामावर नेलं. झाडाखाली तारेचं वेटोळं, त्यात दुपटं, त्यात आमू, शेजारी मी, आणि शेतातली एक बाई नजर ठेवायला. सुगत खांबावर चढला की आमू भोकाड पसरायची. मंगळवारी त्यानं खांबावरूनच बडबडगीत म्हणायला सुरुवात केली. हातवारे करत. आसपासची माणसं धावत आली, त्यांना वाटलं वायरमनला शॉक बसला. एकानं तर वाळलेला बांबू आणला त्याला ढकलायला. यातला बांबू मी वाढवलाय. बाकी सगळं खरं. संध्याकाळी साहेबांनी सुगतला ताकीद दिली, आणि साहेबांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

बुधवारी धम्मशीला आमूला शाळेत घेऊन गेली. शिपाई सूर्यभानमामांनी आनंदानं आमूला ऑफिसात घेतलं. मामा पाणी आणायला वळले, तेवढ्यात आमूनं घंटेची दोरी धरली आणि उभं राहायचा प्रयत्न केला. दोरी ओढली गेली. घंटा वाजली. शाळा सुटली समजून पाचवी ते सातवी फाटकापर्यंत पोचली आणि दोन पोरं जी घरी गेली ती दुसऱ्या दिवशीच आली.

मुख्याध्यापक माणिकराव सरांनी धम्मशीलाला बोलावलं. सर ओरडणारे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, माणूस म्हणून मला समजतं. पण शनिवारपर्यंत सोय करा. नाही झाली तर सोमवारी येताना राजीनामा घेऊन या. कच्चा लिहिला तरी चालेल, मी भाषा दुरुस्त करून देतो.”

त्या संध्याकाळी धम्मशीलानं राजीनामा लिहिला. ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहून ती थांबली. बराच वेळ त्या शब्दांकडं बघत बसली. मग कागदाची घडी करून माझ्या आतल्या कप्प्यात, लसीच्या कार्डाशेजारी ठेवली. मी आयुष्यात बरंच काही वाहिलंय, एकदा सोळा किलो गहूसुद्धा. पण त्या एका कागदानं माझे बंद ताणले गेले.

आता गुरुवार.

आमच्याकडं एक रीत आहे. परभणीला शिकायला ठेवलेल्या लेकराला घरचा डबा एसटीनं जातो. आई स्टँडवर येऊन डब्याची पिशवी गाडीत ठेवते, ड्रायव्हरला किंवा कंडक्टरला सांगते, आणि परभणीच्या स्टँडवर लेकरू ती उतरवून घेतं. पावती नाही, चिठ्ठी नाही. पिशवी बघायची, ओळखायची, घ्यायची.

गुरुवारी सकाळी पालमच्या स्टँडवर आम्ही राणीसावरगावच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. शेजारी एक पन्नाशीच्या बाई, बायनाबाई. गावालगतच्या त्यांच्या दोन-अडीच एकरात नवरा-बायको राबतात आणि एकुलती निकिता परभणीला नर्सिंग शिकते. त्यांच्या पायाशी डब्याची पिशवी. राणी रंगाची. पोटावर ‘नवरंग वस्त्र भांडार’. मी बहिणीला ओळखलं, बहिणीनं मला ओळखलं. माणसांनी ओळखायला हवं होतं, पण आमू रडत होती, धम्मशीला फोनवर सुगतला कुणाचा तरी नंबर विचारत होती, आणि बायनाबाईंनी न राहवून आमूला खांद्यावर घेतलं होतं. परभणी गाडीनं हॉर्न दिला. बायनाबाईंनी आमूला आईकडं दिलं, वाकून हाताला लागली ती पिशवी उचलली आणि धावत जाऊन ड्रायव्हरमागच्या जागेत ठेवली.

ती मी होते.

ओरडायला मला तोंड आहे, पण त्याला चेन लावलेली होती. गंगाखेड आलं, गेलं, मी निमूट परभणीत. निकितानं मला उचललं, होस्टेलवर नेलं आणि चार मैत्रिणींसमोर चेन उघडली. आज आईनं धपाटे धाडलेत, असं ती सांगून बसली होती. आतून पहिल्यांदा लंगोट निघाला. मग दुधाची बाटली. मग खुळखुळा. पाच मिनिटांत सगळ्या मजल्यावर बातमी झाली की निकिताच्या आईनं पुढची तयारी पाठवलीय. दुपारपर्यंत वॉर्डनबाईंनी तिला खोलीत बोलावून हळू आवाजात विचारलं की बाळा, काही सांगायचंय का.

इकडं राणीसावरगावला आमूला भूक लागली. धम्मशीलानं चेन उघडली तर ज्वारीचे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. हे मला नंतर बहिणीनं सांगितलं, आणि ती माझ्यासारखी वाढवून सांगत नाही. सूर्यभानमामांनी धपाटा दह्यात कुस्करला आणि आमूनं आयुष्यात पहिल्यांदा ताटलीचा तळ पाहिला. दुपारी झोपली ती दोन तास हलली नाही. घंटा वेळेवर वाजली.

निकितानं मैत्रिणींचं हसणं ओसरल्यावर माझा आतला कप्पा उघडला. लसीच्या कार्डावर धम्मशीलाचा नंबर होता. शेजारी घडी केलेला कागद होता. तिनं तो वाचला. मग आधी फोन केला तो धम्मशीलाला नाही, आईला.

संध्याकाळच्या गाडीनं मी पालमला परत आले. बायनाबाई स्टँडवर आधीच येऊन बसल्या होत्या. राणीसावरगावची गाडी लागली, धम्मशीला आमूला आणि माझ्या बहिणीला घेऊन उतरली आणि येताक्षणी हात जोडायला लागली. मावशी, तुमचा डबा आम्ही उघडला, चुकून नाही, समजूनच उघडला, लेकरू उपाशी होतं.

“कितीक खाल्लं?” बायनाबाईंनी विचारलं.

“पाऊण धपाटा.”

“पाऊण? ह्या वयाला निकिता अर्धाच खायची.” त्यांनी आमूकडं नव्यानं पाहिलं. मग मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “बाई, माझ्या पोरीनं तुझा कागद वाचला. वाचू नये, पण वाचला. तू नोकरी सोडायलीस?”

धम्मशीलानं सगळं सांगितलं. अंगणवाडी, टाय, पाहुणे, खांब, घंटा. सांगताना तिला एकदा हसू आलं आणि त्या हसण्यानंच डोळे भरले. बायनाबाई ऐकत होत्या, उजवा कान पुढं करून.

“मी रोज चार वाजता उठून भाकरी थापती,” त्या म्हणाल्या. “कशासाठी? पोरगी शिकावी, नोकरीला लागावी. अन उद्या तिनंबी असाच कागद लिहून पिशवीत घालावा? मग मी काय चुलीम्होरं गंमत करायले का?” आमूकडं हात पुढं करून म्हणाल्या, “ठेव लेकरू माझ्यापाशी.”

मला वाटलं, आता धम्मशीला त्यांच्या पाया पडेल. ती पडली नाही. ती ताठ बसली.

“मावशी, आमी बौद्ध हाव. आधीच सांगते. उद्या तुमच्याकडं पाहुणे यायला नकोत.”

बायनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मग माझंबी आधीच ऐक,” त्या म्हणाल्या. “डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाई. दुपारी लेकरू झोपलं की मीबी घंटाभर झोपते. आमचे मालक बिडी वढतेत, त्यांला अंगणाभाईर बसवावं लागंल, ते दोन दिवस रुसतेल. अन पैसे घेईन मी. फुकट केलं की मानूस उपकार बोलून दाखवाया लागतंय. महिन्याला एका डीएपी खताच्या गोणीचे. जमतंय का?”

धम्मशीलानं बोटांवर हिशेब केला. तिनं मान हलवली. आमूनं मधल्या मधे बायनाबाईंच्या गळ्यातली काळी पोत ओढली, तेव्हा दोघींनी मिळून ती तिच्या मुठीतून सोडवली.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर मी खोटी ठरेन. मुंजाजींनी, म्हणजे बायनाबाईंच्या मालकांनी, दोन नाही चार दिवस तोंड फुगवलं. मग आमू त्यांच्या मागं मागं गोठ्यापर्यंत रांगत गेली आणि त्यांची बिडी आपोआप बांधावर गेली. गल्लीतल्या बाया येऊन विचारायच्या, लेकरू कुणाचं? मॅडमचं, बायनाबाई म्हणायच्या. कोणत्या मॅडमचं? शाळेतल्या. शाळेतल्या कोणत्या? विज्ञानाच्या. पुढचा प्रश्न ओठावर आला की बायनाबाई डावा कान पुढं करायच्या. एक जाऊ मात्र त्यांच्याकडं पाणी प्यायची बंद झाली. बायनाबाईंनी हंडा जिथं होता तिथंच ठेवलाय.

त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. धम्मशीला आमूला अंगणात सोडून फाटकापर्यंत गेली, परत आली, बाटली कशी धुवायची ते सांगितलं. पुन्हा फाटकापर्यंत गेली, परत आली, ताप आला तर काय ते सांगितलं. तिसऱ्यांदा वळली तेव्हा बायनाबाई म्हणाल्या, “मॅडम, गाडी निघाली असंल. ती कोंबडीकडं बघायली, तुझ्याकडं न्हाई. जा आता.” धम्मशीला गेली. राणीसावरगावला पोचेपर्यंत ती रडली, असं कंडक्टरनं सुगतला सांगितलं. पण पहिला तास तिनं घेतला. राजीनाम्याची भाषा दुरुस्त करायची वेळ माणिकराव सरांवर आली नाही.

आता मी बायनाबाईंच्या ओसरीतल्या खुंटीवर असते. तळ फाटलाय, त्याला निकिताच्या जुन्या ड्रेसचं ठिगळ आहे. ‘नवरंग’मधला ‘न’ धुऊन गेला. माझी स्वतःबद्दल तक्रार नाही. पिशवीनं आणखी काय मागावं? मला धुताना ब्रशनं घासू नका, एवढंच.

पण वैताग गेलेला नाही. आमूमागून दवाखान्यातल्या एका नर्सबाईचा मुलगा आला, तोही बायनाबाईंनी घेतला. दोन मांड्या, दोन लेकरं. गेल्या आठवड्यात तिसरी आली. कापसाच्या जिनिंगवर कामाला जाते म्हणाली, नऊ महिन्यांची पोरगी कडेवर. सकाळपासून पाच घरं फिरून झाली होती. बायनाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि सांगितलं, बाई, मला एकच कान हाय अन दोनच हात, तिसरं लेकरू पडलं-झडलं तर मी जबाबदार. तिला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

ती उठली. पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. फाटकाशी थांबून तिनं विचारलं, “मग ह्या मॅडमला तुमी कशा घावलाव?”

बायनाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. एवढा मोठा तालुका, एवढी घरं, एवढ्या रिकाम्या ओसऱ्या, एवढी रजिस्टरं आणि एवढे सल्ले. मी खुंटीवर मान खाली घालून लटकत राहिले. काय सांगायचं होतं तिला? उद्या सकाळी स्टँडवर जा आणि पिशवी चुकीच्या गाडीत जायची वाट बघ, असं?